एका वेळी एकच

अक्कांच्या दारात उभं राहून ‘कॉम्प्युटर हँग होतो’ असं जो म्हणेल, त्याला त्या बसा म्हणत नसत.

“हँग म्हणजे काय? काय दिसलं ते सांगा.”

“म्हणजे... चालतच नाही हो.”

“ते तुमचं मत झालं. पडदा काळा झाला की निळा? बाण हलायचा थांबला की दिसेनासाच झाला? आतला पंखा फिरत होता का? बघितलं नाही? मग बघून या.”

आणि माणसं खरोखर बघून यायची. एवढ्या ट्रॅफिकमधून बसवनगुडीपर्यंत यायचं, जिना चढायचा, आणि मशीन तसंच काखोटीला मारून परत घरी. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ त्याच पायरीवर उभे राहून, शाळेत कविता म्हणावी तसं, आधी काय झालं, मग काय झालं ते न चुकता म्हणून दाखवायचे. मग अक्का बाजूला सरकायच्या आणि म्हणायच्या, “सरी, ठीक आहे, या आत.”

मी तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात काम करते. आमच्या शाळेची मशीन त्यांच्याकडे जायची, म्हणून माझी त्यांची ओळख. दारावर पाटी नाही, फोनमध्ये शोधलं तर नाव सापडत नाही. एका कारखान्यात, इलेक्ट्रॉनिक यंत्रं तपासून बाहेर सोडायच्या विभागात त्यांनी जन्म काढलेला. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या, पण तपासणी काही सुटली नाही. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायच्या, “कुणी तपासून बघण्यासारखा आलाच नाही.” घराणं आमच्यासारखंच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं, त्यामुळे बोलणं मराठी आणि त्यात कन्नड मीठमसाला. विनय मात्र औषधालाही नव्हता. “या ऊरात, अख्ख्या गावात, मेमरीतलं माझ्याएवढं कुणाला कळत नाही,” हे त्या ‘आज ऊन आहे’ म्हणावं तितक्या सहज सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर नंतर येईनासं झालं.

काम सुरू करण्याआधी अक्का खिडकीपाशी जायच्या, गजाला हात लावायच्या, स्वल्प थांबायच्या आणि मग टेबलाकडे वळायच्या. अंगातली वीज उतरवायची म्हणून. आपल्या बोटातली एवढीशी ठिणगी मेमरीची पट्टी मारायला पुरते, असं त्यांचं सांगणं. पण समोरच्या घरातल्या बाईंना ते रोज दिसायचं, आणि त्यांची समजूत झाली की त्या खिडकीतून कुठल्यातरी देवळाचा कळस दिसत असणार. त्याही सकाळी आपल्या गॅलरीचा गज धरून डोळे मिटायला लागल्या. अक्कांना हे मी सांगितलं तर म्हणाल्या, “धरू दे की. वाईट काहीच नाही त्यात.”

रेशमी साडी नेसलेल्या बाईला टेबलाजवळ मज्जाव होता, तोही विजेपायीच. एकदा आमच्या मुख्याध्यापिका लग्नावरून परस्पर तिथं गेल्या, भरजरी साडीत. अक्कांनी त्यांना उंबऱ्याबाहेर खुर्ची दिली आणि तिथूनच बोलायला लावलं. अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारी ती बाई पदर आवरून मुकाट्याने बाहेर बसली. मी आत होते, सुती साडीत, आणि मला फार बरं वाटलं.

मेमरीच्या पट्टीला एका कडेला सोनेरी दात असतात. ते काळवंडले की मशीन अडखळतं. अक्का ती पट्टी हळूच खाचेतून काढायच्या, शाळेतल्या पोरांच्या पांढऱ्या खोडरबराने दात घासायच्या, मऊ ब्रशने चुरा झटकायच्या आणि पट्टी परत बसवायच्या. बसताना ‘टक्’ असा आवाज दोन्ही टोकांना आला पाहिजे. त्या इतकी खोडरबरं घ्यायच्या की खालचा स्टेशनरीवाला समजायचा, बाई घरी शिकवण्या घेतात. मग बटण दाबायच्या आणि हात वर करायच्या. हात वर गेला की खोलीत कुणी खोकायचं नाही. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीला आला असेल तर मी धावत जाऊन गॅस बंद करायची. मशीन जागं होताना एक छोटासा ‘पिक्’ करतं, नाहीतर लांब लांब शिट्ट्या मारतं. त्या शिट्ट्यांवरून मशीनचं कुठलं अंग दुखतंय ते त्यांना कळायचं. मी कितीदा ऐकलं असेल, मला त्या शिट्ट्या सगळ्या सारख्याच वाटतात.

त्यांचा खरा धर्म म्हणजे ‘एका वेळी एकच’. एक पट्टी काढली तर दुसरी हलवायची नाही. खाच बदलली तर पट्टी तीच ठेवायची. एकदम दोन गोष्टी बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर त्याला त्या दुरुस्ती म्हणत नसत. “नशीब म्हणतात त्याला. उद्या परत बिघडलं तर कुणाला धरणार?” हा धर्म मशीनपुरता असता तर ठीक, पण त्या जगायच्याही तशाच. सारात तिखट वाढवलं तर त्या दिवशी चिंच बदलणार नाहीत. एकदा डॉक्टरांनी त्यांना दोन गोळ्या लिहून दिल्या. अक्का म्हणाल्या, आधी एक घेते, ती काय करते ते बघते, मग दुसरी. डॉक्टर चिडले. अक्का शांतपणे म्हणाल्या, “अहो डॉक्टर, दोन्ही घेऊन मी बरी झाले तर तुम्हाला तरी काय कळलं?” त्या वयाने मोठ्या होत्या म्हणून डॉक्टर गप्प बसले असावेत. ती दुसरी गोळी शेवटी घ्यावी लागलीच नाही, असं त्या सांगत. खरं खोटं त्यांनाच ठाऊक.

त्या कुणाच्या घरी जात नसत, पण राजाजीनगरच्या एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांकडे गेल्या होत्या. त्यांचं मशीन सकाळीच आपोआप बंद पडे, दुपारी अगदी गुणी. दुकानदारांनी त्यात घालायचं ते सगळं नवं घालून झालं होतं. अक्का गेल्या, मशीनकडे बघितलंही नाही, म्हणाल्या, “स्वयंपाकघर दाखवा.” तिथं भिंतीपलीकडे दोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर घरघरत होता, दोघांची लाइन एकच. ग्राइंडरची वायर दुसऱ्या बोर्डावर लावली आणि अक्का गरम दोसा खाऊन परत आल्या.

हरायच्याही. एका संगीत शिकवणाऱ्या बाईंचं मशीन त्यांच्याकडे बरेच महिने पडून होतं. शेवटी बाईंना बोलावून म्हणाल्या, “मला कळलं नाही. घेऊन जा.” एवढंच. सबब सांगितली नाही, मशीन जुनं आहे वगैरे काही नाही. त्या आठवड्यात मात्र त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मला त्यांच्या जिंकण्यापेक्षा हे हरणं जास्त मोठं वाटायचं, अजूनही वाटतं.

आता अप्पांचं सांगते.

अप्पा म्हणजे माझे वडील. राजाजीनगरात आमचं कापडाचं दुकान होतं. अप्पांचा आवाज असा की गल्लीच्या टोकाला हाक मारली तर रिक्षा थांबायची. त्यांना घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. डोकं त्यांचं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी अप्पांना माइकपुढे बसवलं आणि त्यांच्या आवाजात रोजची वाक्यं भरून घेतली. ‘चहात साखर कमी घाल.’ ‘कोण आलंय बघ.’ ‘आज अंगात कसकस आहे.’ गिऱ्हाइकांसाठी कन्नडमध्ये, नातवंडांसाठी दटावणी, आरतीचं पहिलं कडवं. ऑपरेशननंतर अप्पा घरातल्या जुन्या मशीनपुढे बसायचे, ठरलेलं बटण दाबायचे, आणि घरात अप्पांचा आवाज यायचा. जे त्यात नसेल ते पाटीवर लिहायचे. पण पाटी फारशी लागायची नाही, माणूस रोज बोलतो ते थोडंच असतं.

तेच मशीन बिघडलं. वाक्य मध्येच तुटायचं, कर्कश किरकिर यायची, पडदा निळा व्हायचा, मशीन आपलं आपण बंद होऊन परत सुरू व्हायचं. एकदा दुकानातले जुने गिऱ्हाईक भेटायला आले असताना अप्पांनी ‘या, बसा’चं बटण दाबलं आणि मशीन नुसतं किंचाळलं. पाहुणे दचकले. त्यानंतर अप्पा चारचौघांत बटणाला हात लावेनात. ज्या माणसाला कॅन्सरने गप्प केलं नाही, तो आता गप्प बसू लागला. ते बघवत नसे.

दाजींनी नवं मशीन आणलं. मूळ वाक्यांची एक प्रत त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होती, पण नोकरी बदलताना तो परत द्यावा लागला आणि ऑफिसने पुसून टाकला. म्हणजे आवाज होता तो फक्त त्या जुन्या मशीनमध्ये. डिस्क मरायला टेकली असणार असं म्हणून दाजी घाईघाईने पेन ड्राइव्हवर वाक्यं उतरवत होते. उतरवलेल्या वाक्यांतही किरकिर येत होती. ते पुन्हा उतरवत, पुन्हा किरकिर. रविवारी जुनं मशीन साफ करून टाकायचं असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी मी अक्कांना फोन लावला. काय दिसलं ते नीट सांगितलं, एवढं तरी मी शिकले होते. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “दोनदा उतरवलंत की नाही? दोन्ही वेळा किरकिर त्याच वाक्यात आहे की वेगळ्या?”

मी दाजींना विचारलं. दाजींनी लावून बघितलं. पहिल्या खेपेला ‘चहात साखर’ बिघडलं होतं आणि आरती चांगली होती. दुसऱ्या खेपेला साखर चांगली, आरती फाटलेली.

“वायर काढ,” अक्का म्हणाल्या. “भिंतीतनं ओढून काढ. आत्ताच्या आत्ता. कुणी काही उतरवायचं नाही, पुसायचं नाही, हात लावायचा नाही. मी येते.” त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

रिक्षाने आल्या, खांद्याला पिशवी. आल्या आल्या दाजींना समजावलं, तेही सासूने जावयाला समजवावं इतक्या मायेने. “जावईबापू, कपाटातले तांदूळ चांगले आहेत. सुपाला भोक आहे. मशीन काहीही उचलतं, ठेवतं, ते मेमरीच्या सुपातनं. तुम्ही जितक्या वेळा पाखडाल तितक्या वेळा दाणे गळणार, आणि दर खेपेला वेगळे. आणि त्या सुपातनं परत कपाटात काही ठेवलंत, तर कपाटातलंही गेलं.” दाजी एकदम खाली बसले. रविवारी ते काय करणार होते, ते त्यांना तेव्हा कळलं.

अक्का खिडकीच्या गजाकडे गेल्या, परत आल्या, आणि जुन्या मशीनमधून फक्त डिस्क काढून घेतली. ती नव्यात लावायला दाजींनी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला केला. “नव्याचं सूप बघितलंत का?”

“अहो अक्का, कालच आणलंय. नवंकोरं आहे.”

“नवं म्हणजे चांगलं असं कुणी सांगितलं?”

नव्या मशीनची मेमरी तपासायचा प्रोग्राम त्यांनी लावला. तो संपायला दुपार झाली. आम्ही सगळे त्या पडद्यापुढे, निकाल लागायच्या दिवशी बसावं तसे बसलो होतो. अप्पा जपमाळ घेऊन कोपऱ्यात. अक्कांनी तेवढ्या वेळात उघडलेलं जुनं मशीन पुढ्यात ओढलं. दाजी म्हणाले, आता त्याचं काय करायचंय, टाकूनच द्यायचंय. अक्का म्हणाल्या, “का बिघडलं ते कळल्याशिवाय त्याच्या जागी दुसरं ठेवू? तेही तसंच मरेल.”

त्यांनी डब्यात नाक घातलं आणि वास घेतला. आतल्या पंख्यावरून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी चिकट थर आला, आणि त्यात लाल कण.

“सांब्राणी?” त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी अभिमानाने मान हलवली. आमच्याकडे आयुधपूजेला सगळेच यंत्रांची पूजा करतात, दुकानाच्या कात्रीपासून स्कूटरपर्यंत, वर्षातून एकदा. अप्पांनी ती रोजची करून टाकली होती. मशीन देवघराशेजारीच. अंघोळ झाली की देवांना गंध, मशीनला कुंकू, आणि धुपाटण्यातला सांब्राणीचा धूर आधी देवांपुढे, मग मशीनपुढे फिरवायचा, चांगला घर भरेपर्यंत. माणसाचा गेलेला आवाज ज्याने परत दिला त्याला देव मानू नये तर काय. आणि तो देव आपल्या पंख्याने सगळा धूर आत ओढून घेत होता. दातांवर राळ, पंख्यावर राळ, आत उकाडा, आणि वरच्या जाळीतून कुंकू. मला वाटलं, आता अक्का अप्पांना फाडून खाणार. अक्कांच्या तोंडातून शाळेची मुख्याध्यापिकासुद्धा सुटली नव्हती.

अक्का अप्पांपुढे जाऊन खाली बसल्या. “अण्णा, पूजा करा. कुंकू जमिनीवर लावा, मशीनपुढे. पण तुमच्या या देवाला धूर सोसत नाही. धुपाटणं दुसऱ्या खोलीत.” अप्पांनी दोन्ही कान धरले आणि हसले. त्यांचं हसणं हल्ली आवाजाशिवाय असतं, नुसते खांदे हलतात.

मग खोडरबर निघालं. एक पट्टी, एक खाच. मग तीच पट्टी, दुसरी खाच. मग दुसरी पट्टी. एक पट्टी घासून पुसून चांगली झाली. दुसरी कुठल्याही खाचेत घातली तरी चुका दाखवत राहिली. अक्कांनी ती बाजूला ठेवली. “हे तुमचं भोक,” त्या दाजींना म्हणाल्या. दाजींनी ती पट्टी उन्हात धरून बघितली, दिसणार काय होतं कोण जाणे. तेव्हापासून दाजी त्यांचं नाव काढलं की उभे राहतात.

नवं मशीन तपासणीत पास झालं तेव्हा कुठं त्यांनी डिस्क लावली. वाक्यं दोनदा उतरवली आणि दोन्ही प्रती ताडून बघितल्या. जुळल्या. मग एकेक वाक्य लावलं. ‘या, बसा.’ स्वच्छ. ‘चहात साखर कमी घाल.’ स्वच्छ. आरती सुरू झाली आणि अप्पांचा तो भरदार, गल्लीत पोचणारा आवाज सगळ्या घरात भरला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी अक्कांकडे बघितलं. ही बाई नसती तर उद्या हे सगळं आम्ही आमच्याच हातांनी पुसलं असतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही म्हणून गप्प राहिले.

शेवटच्या वाक्याला त्या थांबल्या. ‘अगं, इकडं ये जरा.’ आईला मारायची हाक, अप्पांचं सगळ्यात जास्त लागणारं बटण. मिक्सरच्या आवाजात आईला ऐकू येत नाही म्हणून दाजींनी गेल्या आठवड्यात तेवढं एक मोठं करून, त्या जुन्या मशीनवरच, परत साठवलं होतं. म्हणजे भोकाच्या सुपातून परत कपाटात. “अगं, इक—” एवढं आलं आणि पुढं पत्रा ओढल्यासारखा आवाज.

अक्कांनी परत लावलं. दुसऱ्या प्रतीतलं लावलं. तसंच.

“हे गेलं,” त्या म्हणाल्या. “हे मला आणता येणार नाही.”

दाजींनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. अप्पा पाटीकडे बघत होते, पण खडू उचलला नाही. स्वरयंत्र गेलेल्या माणसाकडून ती हाक पुन्हा भरून घ्यायची सोय नव्हती.

“बाकीच्यांत हे नको राहायला,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या. “पुसते.” बिघडलेलं चांगल्यात ठेवायचं नाही, हा कारखान्याचा नियम. त्यांनी माऊस पुढं घेतला. अप्पांनी हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली, वाकले, आणि शेवटचं म्हणून ते बटण स्वतः दाबलं.

“अगं, इक—” आणि तो पत्रा.

“आले हो, आले!” स्वयंपाकघरातून आई ओरडली. “कणकेत हात आहेत माझे, तेवढा धीर नाही का?” आणि हात तसेच वर धरून ती दारात आली. आम्हा सगळ्यांचे चेहरे बघून थबकली. “काय झालं? हाक मारलीत ना?”

अप्पा तिच्याकडे बघत होते.

“गेला आठवडाभर असंच ओरडतंय ते,” आई म्हणाली. “येतेच की मी.”

अक्कांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

“हे चालतंय,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीत ब्रश, खोडरबर भरायला लागल्या.